पुढच्या टाळेबंदीआधी



लघुउद्योजकांच्या या अधिवेशनाच्या अध्यक्षपदावरून आज मी २०२०च्या टाळेबंदीविषयी बोलणार आहे, कारण तेव्हा आलेल्या सरकारी मदतीचा हिशेब आपण अजून नीट मांडलेला नाही.

मार्चअखेरीस शटर खाली आले. गाळ्याचे भाडे, वीजबिलातला स्थिर आकार आणि कामगारांचे पोट मात्र चालूच राहिले. रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली. हप्ता थांबला, व्याज चढतच राहिले. मग १३ मे रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी तीन लाख कोटी रुपयांची विनातारण कर्जयोजना जाहीर केली. हमी पूर्णपणे सरकारची, मुदत चार वर्षे, पहिले वर्षभर मुद्दल फेडायचे नाही. पुढे योजनेची मर्यादा पाच लाख कोटींपर्यंत गेली. तिच्यामुळे अनेक कारखाने तगले, हे मान्य केलेच पाहिजे.

पण तिचे सूत्र पाहा. २९ फेब्रुवारी २०२० रोजी जेवढे कर्ज बाकी, त्याच्या २० टक्के नवे कर्ज. ज्याच्या खात्यावर दहा लाख बाकी, त्याला दोन लाख. आणि ज्याने कधी बँकेची पायरीच चढली नाही, घरची पुंजी, भिशी आणि बायकोचे दागिने यांवर पिठाची गिरणी, सलून किंवा खानावळ उभी केली, त्याला? शून्याचे वीस टक्के. पतसंस्थेचे कर्ज तर या हिशेबात धरलेच जात नव्हते, आणि आपल्याकडच्या किती दुकानांचा आधार पतसंस्था आहे हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. सर्वांत जास्त गरज होती त्याच माणसाला या योजनेने वगळले, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांना पैसे मिळाले, त्यांनाही ते कर्जच मिळाले. न झालेल्या विक्रीचे भाडे कर्ज काढून भरले, तर ते ओझे पुढची चार वर्षे वाहावे लागते.

दुसरा रस्ता होता. अमेरिकेने दिलेले कर्ज मालकाने मुख्यतः पगारावर खर्च केले, तर माफ होत असे. जर्मनीने पाच कामगारांपर्यंतच्या धंद्याला नऊ हजार युरोंपर्यंत थेट अनुदान दिले. तेवढा पैसा आपल्या तिजोरीत नाही, हे खरे. तरीही १ जून २०२०च्या स्वनिधी योजनेने हातगाडीवाल्याला दहा हजारांचे कर्ज देऊ केले, तेव्हा जुने कर्ज विचारले नाही. नगरपालिकेचे शिफारसपत्रही चालले. एप्रिल २०२१मध्ये राज्य सरकारने नोंदणीकृत फेरीवाल्यांसाठी आणि परवानाधारक रिक्षाचालकांसाठी दीड हजार रुपये जाहीर केले. रक्कम तुटपुंजी, पण ती परत मागायची नव्हती. मग गाळेवाल्याला, दोन-चार माग चालवणाऱ्याला ओळखणे अशक्य होते का? त्याचे वीजबिल दरमहा निघतेच, म्हणजे त्याची नोंद आहेच.

म्हणून आपली मागणी अशी असावी: आपत्तीत धंदा सरकारी आदेशाने बंद झाला, तर दहा कामगारांपर्यंतच्या उद्योगाला भाडे आणि पगाराचा ठरावीक वाटा अनुदान म्हणून मिळावा, आणि त्याचे नियम आपत्ती येण्यापूर्वी कायद्यात लिहिलेले असावेत. त्यासोबत सरकारी खात्यांकडे आणि महामंडळांकडे थकलेली आपली बिले आधी चुकती व्हावीत. बिले पंचेचाळीस दिवसांत चुकती करण्याचा नियम लघुउद्योगांविषयीच्या २००६च्या कायद्यातच आहे.

ही मागणी पुराव्यानिशी करायची आहे. २०२० आणि २०२१मध्ये किती भाडे दिले, किती माणसे कमी करावी लागली, कोणाकडून कोणत्या व्याजाने पैसे घेतले, हे प्रत्येकाने उद्या घरी परतण्यापूर्वी आपल्या तालुका प्रतिनिधीकडे लेखी द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.