संगणकाची वही आणि तिचे कुलूप

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी भाषा आणि इतिहास शिकवणारा शिक्षक. संगणकशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. तरीही आज मी संगणकातील नोंदवहीविषयी बोलणार आहे. कारण या वहीच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आणि तिचा भुर्दंड एका निरपराध मुलाला पडला. तुमच्यापैकी पुष्कळ मुले पुढे या क्षेत्रात जाणार आहेत. त्यांच्या हातून तरी ती होऊ नये, एवढीच इच्छा.

काही वर्षांपूर्वी एका वसतिगृहाच्या प्रवेशाचे काम संगणकावर घेण्याचे ठरले. एका माजी विद्यार्थ्याच्या मदतीने मी त्याचा प्रोग्राम तयार केला. घरी बसून पन्नास खोट्या नावांचे प्रवेश करून पाहिले. एकही चूक निघाली नाही. मी कार्यालयात जाऊन ठासून सांगितले, "तपासले आहे, बिनधास्त वापरा."

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी दोन टेबलांवर दोन कारकून बसले होते. जागा एकच उरली होती. दोघांच्याही पडद्यावर 'शिल्लक १' असे दिसले, दोघांनीही त्याच क्षणी नोंद केली आणि दोन पालकांच्या हाती दोन पावत्या पडल्या. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी दोन मुले ट्रंका आणि वळकट्या घेऊन दारात उभी राहिली. खाट एकच होती. ज्याचे गाव त्यातल्या त्यात जवळ, त्याला परत पाठवण्यात आले. ते वर्ष त्या मुलाने रोज एस. टी. ने येऊन-जाऊन काढले.

मी माफी मागायला त्याच्या घरी गेलो. वडील फारसे शिकलेले नव्हते. त्यांनी चहा दिला, सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "सर, तुम्ही घरी करून पाहिलंत, तेव्हा दुसऱ्या टेबलावर कोण होतं?"

मित्रांनो, या प्रश्नात आजचे सारे भाषण आले. दुसऱ्या टेबलावर कोणीच नव्हते.

वहीची आखणी

संगणकात माहिती ठेवण्याची जी पद्धत आज बँका, रेल्वे आणि रुग्णालये वापरतात तिला रिलेशनल डेटाबेस म्हणतात. तिचा पाया एडगर कॉड या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या शास्त्रज्ञाने घातला. अमेरिकेत सॅन होजे येथे आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करीत असताना १९७० साली त्यांनी याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. पुढे १९८१ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. कल्पना सोपी आहे. सर्व माहिती तक्त्यांत ठेवायची. एक ओळ म्हणजे एक नोंद, आणि प्रत्येक रकान्याला एक ठरलेला अर्थ. किती तक्ते, कोणते रकाने, कोणत्या रकान्यात आकडा आणि कोणत्या रकान्यात नाव, कोणती गोष्ट दोनदा येता कामा नये, या सर्व आखणीला स्कीमा म्हणतात.

पूर्वी ही आखणी माणूस स्वतः करीत असे. आता ती आपोआप करणारी साधने निघाली आहेत. जावा भाषेत काम करणाऱ्यांना हायबरनेट हे असे एक साधन ठाऊक असेल. प्रोग्राममध्ये 'विद्यार्थी' या वस्तूचे वर्णन केले की हे साधन त्यावरून तक्ता बनवते. त्याला आपण हुकूम द्यायचा असतो. 'क्रिएट' म्हटले तर ते जुने तक्ते काढून नवे बनवते. 'क्रिएट-ड्रॉप' म्हटले तर काम संपताना तक्ते मोडूनही टाकते. 'अपडेट' म्हटले तर कमी असलेले तक्ते व रकाने जोडते. 'व्हॅलिडेट' म्हटले तर काहीही न बदलता जुळणी तेवढी पाहते. यातला पहिला हुकूम चुकून खऱ्या वहीवर चालला, तर वर्षभराच्या नोंदी जातील, हे वेगळे सांगायला नको.

कुलूप कशासाठी

आता कुलपाकडे येऊ. पहिला कारकून 'शिल्लक १' वाचतो. त्याने लिहिण्याआधीच दुसराही 'शिल्लक १' वाचतो. पहिला 'शिल्लक ०' लिहितो, दुसराही 'शिल्लक ०' लिहितो. वही पाहणाऱ्याला सारे बरोबर दिसते, पण पावत्या दोन गेलेल्या असतात. यावर उपाय असा की पहिल्याने ओळ वाचतानाच तिला कुलूप लावावे, आपले काम पुरे करावे आणि मगच ते काढावे. तोवर दुसऱ्याने थांबावे. वाचणे, वजा करणे, पावती नोंदवणे ही सर्व मिळून एक गाठोडे समजायचे. झाले तर सगळे, नाही तर काहीच नाही. या गाठोड्याला ट्रॅन्झॅक्शन म्हणजे व्यवहार म्हणतात.

कुलपांचे हे शास्त्र आयबीएममधील जिम ग्रे आणि त्यांचे सहकारी एस्वरन, लोरी व ट्रेगर यांनी १९७६ साली मांडले. व्यवहाराचे चार गुण, म्हणजे तो अखंड असावा, सुसंगत असावा, इतरांपासून अलग असावा आणि झाल्यावर टिकावा, हे हेर्डर व रॉयटर या दोघा जर्मन संशोधकांनी १९८३ साली एका छोट्या शब्दात गुंफले. तो शब्द 'ॲसिड'. विद्यार्थ्यांनी तो ध्यानात ठेवावा. ग्रे यांना १९९८ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आता तुम्ही विचाराल, हे सर्व ठाऊक असताना आमचे का चुकले? आमच्या प्रोग्राममध्ये कुलपाची आज्ञा होती! पण तक्ते आपोआप तयार झाले होते, आणि ज्या प्रकारचे झाले त्या प्रकारात व्यवहार नव्हता आणि ओळीचे कुलूपही नव्हते. आज्ञा दिली गेली, कोणी तक्रार केली नाही, आणि कुलूप लागलेच नाही. मायएसक्यूएल या प्रसिद्ध डेटाबेसात असे प्रकार शेजारी शेजारी नांदतात. 'इनोडीबी' प्रकारचा तक्ता व्यवहार पाळतो, 'मायआयसॅम' प्रकारचा पाळत नाही. २०१० साली आलेल्या ५.५ या आवृत्तीपासून न सांगता इनोडीबी मिळतो. पण मागितला तर जुनाही मिळतो. आपोआप आखणारे साधन आपल्यासाठी काय मागते, ते पाहणे आपले काम होते. ते मी पाहिले नाही. दोष साधनाचा नव्हे, माझा.

तपासणी कशी करावी

या प्रसंगानंतर मी आणि तो माजी विद्यार्थी काही कसोट्या शिकलो. त्या क्रमाने सांगतो.

पहिली कसोटी कोऱ्या वहीची. रिकाम्या डेटाबेसावर साधन चालवावे आणि जे तक्ते तयार होतील ते कागदावरील आखणीशी एकेक करून ताडून पाहावेत. नावे, रकाने, त्यांचे प्रकार, आणि तक्ता कोणत्या जातीचा हेसुद्धा.

दुसरी कसोटी भरल्या वहीची. दहा नोंदी घालून साधन पुन्हा चालवावे. दहाच्या दहा शाबूत राहिल्या पाहिजेत. मग एका रकान्याचे नाव बदलून पाहावे. समजा, 'वडिलांचे नाव' ऐवजी 'पालकाचे नाव' केले. 'अपडेट' या हुकुमाला नाव बदलले हे कळत नाही. ते नवा रकाना जोडते आणि जुना तसाच ठेवते. परिणामी सर्व मुलांचे पालक कोरे दिसतात! म्हणून खऱ्या वहीतील बदल माणसाने लिहून, वाचून, राखीव प्रत काढूनच करावेत.

तिसरी कसोटी दोन टेबलांची, आणि हीच मुख्य. दोन खिडक्या उघडाव्यात. पहिलीत व्यवहार सुरू करून शेवटच्या जागेची ओळ 'फॉर अपडेट' म्हणून वाचावी आणि तिथेच थांबावे. दुसरीत तेच करावे. दुसरी खिडकी अडून राहिली तर कुलूप आहे. तिने लगेच उत्तर दिले तर कुलूप नाही. इनोडीबीत ती न सांगता ५० सेकंद वाट पाहते आणि मग माघार घेते. पहिलीने काम पुरे केल्यावर दुसरीला 'शिल्लक ०' दिसले पाहिजे.

चौथी कसोटी अर्धवट कामाची. जागा वजा झाली, पावती नोंदवायची आहे, अशा वेळी प्रोग्राम मुद्दाम बंद पाडावा. पुन्हा सुरू केल्यावर जागा परत दिसली पाहिजे.

पाचवी कसोटी अडवणुकीची. एक कारकून मुलाला 'अ' वसतिगृहातून 'ब' मध्ये हलवतो, दुसरा 'ब' मधून 'अ' मध्ये. पहिल्याने 'अ' ला कुलूप लावले, दुसऱ्याने 'ब' ला, आणि आता दोघेही एकमेकांची वाट पाहत बसले. चांगला डेटाबेस ही कोंडी ओळखतो आणि एकाचा व्यवहार रद्द करतो. रद्द झालेले काम आपला प्रोग्राम पुन्हा करतो की गिळून टाकतो, हे पाहावे. खरा उपाय म्हणजे सर्वांनी कुलुपे एकाच क्रमाने लावावीत.

आणखी दोन गोष्टी. सराव ज्या वहीवर, काम त्याच जातीच्या वहीवर असावे. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस एका वेळी एकालाच लिहू देतो. त्यावर तपासून मोठ्या डेटाबेसातील ओळींच्या कुलपाची खात्री देता येत नाही. आणि कुलपाबरोबर कडीही असावी. आम्ही आता प्रत्येक खाटेला क्रमांक दिला आहे आणि एक क्रमांक दोनदा लिहिताच येऊ नये अशी अट तक्त्यातच घातली आहे. उद्या कुलूप विसरले, तरी दुसरी पावती निघणार नाही.

अमानत

बंधु-भगिनींनो, हा विषय आपल्याला परका नाही. कुरआन शरीफातील सर्वांत लांब आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, नमाज-रोजाविषयी नाही. ती देण्याघेण्याच्या नोंदीविषयी आहे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असली तरी कंटाळू नये, असा तिचा आशय आहे. नोंद ही अमानत आहे. ती कागदावर असो वा संगणकात, तिच्यातील प्रत्येक ओळीमागे कोणाचा तरी हक्क उभा असतो.

पालकांस माझी विनंती आहे. एखाद्या कार्यालयात "संगणकात तसेच आहे" असे कोणी सांगितले, तर गप्प बसू नका. पावती जपून ठेवा आणि नम्रपणे खुलासा विचारा. संगणक तेच सांगतो जे त्याच्यात लिहिले गेले.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही उद्या पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातील एखाद्या कंपनीत प्रोग्राम लिहाल. जे आपोआप होते ते बरोबरच होते असे समजू नका. "तपासले आहे" हे शब्द तोंडातून काढण्यापूर्वी त्या बापाचा प्रश्न स्वतःला विचारा: दुसऱ्या टेबलावर कोण होते?

तो मुलगा पुढच्या वर्षी वसतिगृहात आला. त्याची नोंद त्या दिवशी मी स्वतः केली, आणि दुसऱ्या टेबलावर त्याच्या वडिलांना बसवले होते. अल्लाह आपणा सर्वांना अमानत सांभाळण्याची ताकद देवो. खुदा हाफिज.