संघ पेठेचा राहू दे

(मंडळाच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी संध्याकाळी एका सभासदाने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. त्या दिवशी पावसामुळे अनेकांना येता आले नव्हते. त्यांच्या आग्रहाखातर तो येथे छापत आहोत. – संपादक मंडळ)



मला भाषणाची सवय नाही. प्रेस शॉपमध्ये तीस वर्षं गेली, तिथे बोलायचं ते ओरडूनच. त्यामुळे आवाज मोठा झाला तर रागावू नका. सेक्रेटरींनी सांगितलं, "तुम्ही कोल्हापूरला फुटबॉल खेळलाय, त्यावर बोला." मी लगेच हो म्हणालो. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉलवर बोला म्हणणं म्हणजे भुकेल्याला पंगतीत बसा म्हणण्यासारखं आहे.

आपल्या मानेसरवरून जो हायवे जातो त्याला पूर्वी आपण एनएच आठ म्हणायचो, आता त्याचा नंबर अठ्ठेचाळीस आहे. हाच अठ्ठेचाळीस नंबर जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे करत कोल्हापूरच्या कडेने पुढे बंगळूरला जातो. रात्रपाळीहून सुटलो आणि हायवेवर उभा राहिलो की मनात येतं, या रस्त्यानं सरळ चालत राहिलो तर पेठेत पोचेन. म्हणून म्हणतो, मी लांब आलो असलो तरी रस्ता बदललेला नाही.

मी १९८७ ते १९९६ या काळात आमच्या तालमीच्या संघातून राइट बॅक खेळलो. तालमीचं नाव मुद्दाम सांगत नाही. इथे कोल्हापूरची सात-आठ घरं आहेत. नाव सांगितलं की निम्मे माझ्या बाजूला येतील आणि निम्मे प्रसाद न घेता निघून जातील!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बाकीच्या महाराष्ट्रात पोरं बॅट घेऊन फिरतात. आमच्याकडे पेठेपेठेत फुटबॉल. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, जुना बुधवार, संध्यामठ, फुलेवाडी, ही सगळी फुटबॉलच्या संघांची नावं. यातली बरीचशी मूळची कुस्तीची तालीम किंवा पेठेचं तरुण मंडळ. म्हणजे ज्या तालमीत लाल माती, तिथेच फुटबॉलचे बूट टांगलेले, आणि भाद्रपदात तिथेच गणपती. तिन्ही कामांना माणसं तीच. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, ज्याला आम्ही केएसए म्हणतो, ती १९४० सालची. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर साध्या साखळी सामन्याला हजारो माणसं येतात. मी स्वतः खेळताना समोरच्या फॉरवर्डपेक्षा गॅलरीला जास्त घाबरायचो. पास चुकला तर दुसऱ्या दिवशी पेपरवाला, दूधवाला, शेजारची मावशी, सगळे विचारायचे, "काय रे, काल काय झालं होतं तुला?"

तो आमचा संघ गेली काही वर्षं अडचणीत आहे. गेल्या हंगामात तर खालच्या गटात जाता जाता वाचला. सामन्याचे व्हिडिओ मोबाइलवर येतात, ते बघून जेवण जात नाही. बायको म्हणते, "इथे घरी गीझर बंद पडलाय त्याची तुम्हाला एवढी काळजी नाही." खरं आहे.

संघ का घसरला, याची पेठेत जी कारणं सांगतात ती मी ऐकतो. कोण म्हणतं रेफ्री, कोण म्हणतं कोच, कोण म्हणतं नशीब. मला जे वाटतं ते आज सांगतो. तिकडे कुणी ऐकून घेत नाही म्हणून इथे सांगतो, असंही समजा.

आधी दुसऱ्या एका संघाची गोष्ट. २००८ साली, मला मानेसरला येऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा ड्युरँड कपची फायनल दिल्लीला आंबेडकर स्टेडियमवर झाली. मुंबईचा महिंद्रा युनायटेड विरुद्ध गोव्याचा चर्चिल ब्रदर्स. मी रविवारची सुट्टी समजून, दोन बस बदलून गेलो. महिंद्राने कप जिंकला. मी एकटाच मराठीत ओरडत होतो. हा संघ १९६२ सालचा. २००५-०६ मध्ये नॅशनल लीग जिंकलेला. पैसा होता, मैदान होतं, परदेशी खेळाडू होते, व्यवस्था उत्तम होती. आणि २०१० साली कंपनीने ठरवलं की आता मोठा संघ चालवायचा नाही, शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष द्यायचं. संघ बंद. पुण्याचा पुणे एफसी २०१५ मध्ये गुंडाळला गेला. डीएसके शिवाजीयन्स दोन वर्षांनी आय-लीगमधून बाहेर. २०२५ च्या जुलैमध्ये तर खुद्द आयएसएलचा हंगामच स्थगित झाला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले.

मी कुणाला नावं ठेवत नाही. ज्याचा पैसा त्याचा निर्णय. पण एक गोष्ट लक्षात घ्या. इतक्या वर्षांत इतके मोठे संघ आले नि गेले, आणि आमच्या पेठेतले फाटक्या जाळीचे संघ अजून उभे आहेत. का? कारण त्यांना मालकच नाही. बंद करायचा निर्णय घेणार कोण? पेठ काही बंद होत नाही.

माझाच अनुभव सांगतो. १९९६ च्या मार्चमध्ये उपांत्य सामन्यात माझा गुडघा गेला. लिगामेंट. मी तेव्हा एका छोट्या कारखान्यात रोजंदारीवर. विमा नाही, रजा नाही. तिसऱ्या दिवशी आमचे वस्ताद घरी आले. त्यांनी आईच्या हातात एक पिशवी दिली. त्यात दहाच्या, वीसच्या, पाचच्या नोटा. पेठेनं घरोघर फिरून वर्गणी काढली होती. त्यात चप्पल शिवणाऱ्याचे पाच रुपये होते आणि आमचा कट्टर विरोध करणाऱ्या पलीकडच्या पेठेतल्या एका डॉक्टरांचेही होते. त्या पैशातून मुंबईला ऑपरेशन झालं. मी परत खेळू शकलो नाही, पण आज या पायावर उभा राहून तुमच्याशी बोलतोय, तो पाय निम्मा माझा आणि निम्मा पेठेचा आहे.

आता अलीकडचं सांगतो. सगळ्याच संघांनी बाहेरचे खेळाडू आणायला सुरुवात केली. पुण्या-मुंबईचे, गोव्याचे, मग आफ्रिकेतले. आमच्या संघानेही आणले. आता तुम्ही म्हणाल, हा म्हातारा बाहेरच्यांच्या विरोधात बोलणार. नाही. मी कोणत्या तोंडानं बोलू? मी स्वतः मानेसरला बाहेरचाच आहे. आपण सगळेच आहोत. हरियाणा सरकारने खासगी नोकऱ्यांत पंचाहत्तर टक्के स्थानिक माणसं घेण्याचा कायदा आणला होता, तेव्हा आपल्या प्रत्येकाच्या घरात काय बोलणं चाललं होतं ते आठवा. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये हायकोर्टाने तो रद्द केला, तेव्हा आपण सुटकेचा श्वास टाकला. ज्यानं हे भोगलंय त्यानं "बाहेरचा नको" असं म्हणू नये.

आणि बाहेरच्या खेळाडूंमुळे खेळ सुधारला हेही खरं. पोरांना कळलं की पहिल्या टचला चेंडू कसा पायाखाली मरतो. आमच्या काळी आम्ही आधी लाथ मारायचो, मग चेंडू कुठे गेला ते बघायचो.

मला खुपतं ते वेगळं. गेल्या हंगामात आमच्या संघात एक नायजेरियाचा मुलगा होता. मी सुट्टीत गेलो तेव्हा त्याला भेटलो. वीस-बावीस वर्षांचा. भाड्याच्या खोलीत एकटा. त्याला मिसळ आवडायची, तिखट झाली की दूध प्यायचा. पाच सामन्यांत त्यानं चार गोल केले. तेव्हा त्याला खांद्यावर घेऊन पेठेत नाचले. सहाव्या सामन्यात घोटा मुरगळला. पुढच्या आठवड्यात त्याच्या जागी दुसरा आला. त्याचा हिशोब करून त्याला गाडीत बसवून दिलं. निरोपाला कोण गेलं होतं असं मी विचारलं. कुणीच नाही. त्याच पेठेनं, ज्या पेठेनं माझ्यासाठी पिशवी भरली होती.

तेव्हा मला कळलं की आमच्या संघाचं दुखणं कुठं आहे. आमचा संघ हळूहळू मालकाचा संघ व्हायला लागलाय. मालक एक नाही, दहा-बारा आहेत, एवढाच फरक. बॅनरवर खेळाडूंपेक्षा त्यांचे फोटो मोठे. पैसा गोळा होतो तो एका हंगामापुरता. चौदा वर्षांखालच्या पोरांना शिकवायला माणूस नाही, कारण ती पोरं यंदाचा सामना जिंकून देणार नाहीत. जिंकलो तर फटाके, हरलो तर गॅलरीतून बाटल्या. प्रेक्षकांच्या हाणामारीमुळे सामना थांबला की दंड संघाला, बदनामी कोल्हापूरला.

पेठेत पोरं नाहीत असं नाही. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला. भारताचे सामने आपल्या दिल्लीत, नेहरू स्टेडियमवर. अमेरिकेविरुद्धच्या पहिल्या सामन्याला आपल्यातले आम्ही सहाजण गेलो होतो. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. भारत तीन-शून्य हरला, पण तो धावायला लागला की आम्ही "नाद खुळा!" म्हणून ओरडायचो आणि शेजारचे पंजाबी आमच्याकडे बघायचे. तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला. निखिल कदम कोल्हापूरचाच, मोहन बागानकडून खेळला. म्हणजे बी आमच्याकडे आहे. पाणी घालायला मात्र दुसरीकडे पाठवावं लागतं.

दोन महिन्यांपूर्वी तालमीच्या आत्ताच्या अध्यक्षाचा फोन आला. हा मुलगा मी कडेवर खेळवलेला. म्हणाला, "काका, यंदा दोन तगडे प्लेअर आणायचेत. बाहेरगावच्या प्रत्येक जुन्या खेळाडूनं दहा हजार द्यायचं ठरलंय."

मी म्हणालो, "देतो. वीस देतो. पण त्यातून बारक्या पोरांना शिकवायला माणूस ठेवा, आणि जो कोण जखमी होईल त्याच्या उपचाराचा खर्च तालमीनं करायचा, मग तो कुठलाही असो."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, ते सगळं बरोबर आहे. पण यंदा खाली गेलो तर पेठेत तोंड दाखवता येणार नाही. तुम्ही तिकडं मानेसरला बसून सांगताय. इथं आम्हाला ऐकून घ्यावं लागतं."

मला राग आला, पण उत्तर सुचलं नाही. कारण त्याचंही खरं होतं. गॅलरीतल्या शिव्या मी ऐकलेल्या आहेत. खालच्या गटात गेलेल्या संघाची पोरं पुढच्या वर्षी दुसरीकडे जातात, हेही मला माहीत आहे. तो माझ्या गुडघ्याच्या वेळी जन्मलाही नसेल. त्याला संघ वाचवायचाय, मलाही वाचवायचाय. पण काय वाचवायचं यावर आमचं जुळत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. संघ खाली गेला तर दोन वर्षांत परत वर येता येतं. आमचा संघ पूर्वीही एकदा खाली गेला होता आणि पेठेतल्याच पोरांनी तो वर आणला. पण मुरगळलेल्या पायाच्या पोराला निरोप द्यायला पेठेतून कुणी जात नसेल, तर मग वरच्या गटात राहून आपण नक्की कुणाचा संघ राखला? २०१९ च्या महापुरात याच तालमींची पोरं छातीएवढ्या पाण्यातून म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढत होती. त्यांना कुणी पैसे दिले नव्हते. ती माणुसकी संपलेली नाही. ती फक्त स्टेडियमच्या दारात बाहेर ठेवून आत जायची सवय लागलीय.

इथे बसलेल्यांपैकी अनेकजण आपापल्या गावच्या मंडळाला, तालमीला, यात्रेला पैसे पाठवतात. जरूर पाठवा. पण पैसे पाठवले की आपलं काम झालं असं समजू नका. ते कशाला लागले हे विचारा. "तिकडं बसून सांगताय" असं ऐकावं लागेल. ऐका, आणि पुढच्या वर्षी परत विचारा.

मी काय केलं ते सांगून संपवतो. भाऊ गावी निघाला होता, त्याच्याजवळ दोन पाकिटं दिली. एकावर लिहिलं, "खेळाडूंसाठी, पाच हजार." दुसऱ्यावर लिहिलं, "गेल्या वर्षीच्या त्या मुलाच्या घोट्यासाठी, पाच हजार. त्याचा पत्ता शोधून पोचवावेत."

पहिल्या पाकिटाची पावती लगेच आली. दुसऱ्याची अजून यायची आहे. मी वाट बघतोय.

 गणपती बाप्पा मोरया!