दप्तर आणि जाते

अहिल्याबाई होळकर यांनी इ. स. १७६७ ते १७९५ राज्यकारभार केला. तो मोडी पत्रांतून वाचता येतो. परंतु त्याच काळी पहाटे जाते ओढणाऱ्या स्त्रियांची नोंद कोणत्या दप्तरात सापडावी? त्यांचे मनोगत ओवीत राहिले. पुढे पिठाच्या गिरण्या आल्या, जाते थांबले, ओवीही विरू लागली. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी खेडोपाडी लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांतील अनेकींचे ध्वनिमुद्रण आज ऐकता येते. अध्यापकाने वर्गात पत्र वाचावे, तशी ओवीही ऐकवावी. पत्रातून सत्ता कळेल. ओवीतून माहेर, सासुरवास आणि विठ्ठलाची ओढ. मग विद्यार्थ्याने घरी आजीजवळ बसावे. तो कंठ थांबला, की ते दप्तर कायमचे मिटले!