दिव्यांची पेटी आणि दिवेवाला



आम्ही कामगार चळवळीतले. विजेचे जे काही थोडे ज्ञान आहे, ते रंगमंचावर दिवे लावणाऱ्या कामगारांनीच आम्हांला दिले. अशा माणसाने संगणकाविषयी बोलावे, याचे कुणाला हसू येईल. परंतु दिवेवाल्यांच्या तक्रारींत हल्ली एक वीतभर पेटी वरचेवर डोके वर काढते, म्हणून बोलणे भाग आहे.

एके काळी मिठाच्या पाण्यात पत्रा वरखाली करून दिवा मंद-प्रखर करीत. माणसाचा हात नटाच्या पावलाबरोबर चाले. 1959 साली कलकत्त्याच्या मिनर्व्हा थिएटरात उत्पल दत्तांच्या 'अंगार' नाटकात कोळशाच्या खाणीत चढत जाणारे पाणी तापस सेन यांनी प्रकाशातून उभे केले, तो काळ हाताचाच.

1986 साली अमेरिकेत डीएमएक्स 512 ही पद्धत ठरली. एका तारेवर 512 वाहिन्या, आणि प्रत्येकीला 0 ते 255 पैकी एक आकडा. शून्य म्हणजे अंधार, 255 म्हणजे पूर्ण उजेड. आमची पेटी हेच आकडे साठवते आणि संगणकावाचून दिव्यांना पाठवीत राहते.

ती बसवायची कशी? संगणकाआधी कागद घ्यावा. समजा दहा दिवे आहेत आणि प्रत्येकाला चार वाहिन्या : तांबडी, हिरवी, निळी, पांढरी. मग पहिल्याचा पत्ता 1, दुसऱ्याचा 5, तिसऱ्याचा 9, दहाव्याचा 37. जो पत्ता दिव्यावर, तोच संगणकात. तार दिव्यातून दिव्यात साखळीने न्यावी, मध्ये फाटे फोडू नयेत, आणि शेवटी 120 ओहमचा रोधक लावावा. तो नसला तर दिवे कधीकधी उगाच लुकलुकतात, आणि बोल मात्र देखावे रचणाऱ्याला लागतो!

मग पेटी संगणकाला जोडून एकेक देखावा रचावा, एकातून दुसऱ्यात जायला किती सेकंद ते ठरवावे आणि सारे पेटीत उतरवावे. पुष्कळ जण फसतात ते येथे. संगणक जोडलेला असताना हुकूम त्याचा चालतो. दिवे नाचले म्हणून पेटीत काही उतरले असे नव्हे. तेव्हा संगणक काढावा, पेटीची वीज बंद करून पुन्हा द्यावी. नेमलेला देखावा ठरल्याप्रमाणे उमटला, तरच काम झाले.

आणि काम झाले की मालक विचारतो, "आता तुझी गरज काय?"

देवळाच्या कमानीवर, दुकानाच्या दर्शनी भागावर ही पेटी खुशाल असू द्या. तेथे रात्रभर बटणाशी माणूस बसवा, असा हट्ट आम्ही धरणार नाही. नाटकाचे तसे नाही. नट वाक्य विसरतो, जोडीदार सावरून घेतो, एखादी टाळी लांबते. पेटी आपली सेकंद मोजत पुढे जाते. तिला रंगमंच दिसत नाही. म्हणून प्रयोगात पुढच्या देखाव्याचे आणि अंधाराचे बटण माणसाच्याच हाती हवे. देखावे रचण्याचे दाम प्रयोगाच्या मजुरीहून वेगळे हवे. पुष्कळ पेट्यांत उतरविलेले काम संगणकात परत काढता येत नाही. मूळ प्रत ज्याच्या संगणकात, त्याच्यावाचून दुरुस्ती अडते. ती प्रत दिवेवाल्यापाशीही हवी, ही आमची तिसरी मागणी. मालकांना हीच सर्वांत जास्त झोंबते.

मात्र प्रत मागायची तर ती उघडता आली पाहिजे. रविवारी सकाळी कार्यालयात एक संगणक, एक पेटी आणि चार दिवे मांडलेले असतात. येणाऱ्यांनी वही-पेन्सिल आणावी.