पंचाहत्तरीतला परीक्षार्थी
(रौप्यमहोत्सवी संमेलनातील भाषण)



या वयात मी परीक्षेचा अभ्यास करतोय, म्हणून घरी सगळे हसतात. जागांच्या एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा महारेराने १० जानेवारी २०२३ च्या आदेशाने सक्तीची केली. परीक्षा घेते आयबीपीएस, बँक भरतीवालीच!

स्वतःसाठी जागा घेणाऱ्याला हे प्रमाणपत्र लागत नाही. रेरा प्रकल्पातली जागा दुसऱ्याला दाखवून दलाली घ्यायची तर लागतं. मग मी का वाचतोय? कर्ज देताना बँक कागद तपासते. आपण निवृत्त माणसं फंडाचे पैसे एकरकमी भरतो. आपले कागद कोण तपासणार?

मागच्या महिन्यात सांगलीहून एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. पन्नास लाखांचा नवा फ्लॅट. "साहेब, आज निम्मे भरले तर भाव कमी करतोय." मी विचारलं, "करार नोंदवला?" "नाही अजून." कलम १३ मी आदल्याच रात्री वाचलं होतं. करार नोंदवण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. म्हणजे फार तर पाच लाख. त्यांनी चेकबुक परत कपाटात ठेवलं.

तेव्हा सातारा असो वा सांगली, एजंटाचा आणि प्रकल्पाचा रेरा क्रमांक मागा, महारेराच्या संकेतस्थळावर पाहा. भाव कार्पेट एरियावर विचारा. अडलं तर माझ्याकडे या. चहा होईल, कागदही बघू. फक्त चेकवर सही करायच्या आधी या!