कोबुर्गची गादी

राजघराण्यांच्या वंशावळींत नांवें असतात, जन्ममृत्यूंचे सन असतात. परंतु वारसा ज्याच्या वांट्याला आला त्याला त्याचें काय मोल द्यावें लागलें, हें त्यांत कोठेंच लिहिलेलें नसतें. जर्मनींतील साक्स-कोबुर्ग-गोठा या संस्थानाच्या वारसाची हकीकत या दृष्टीनें मननीय आहे.

कोबुर्ग व गोठा हे दोन प्रदेश १८२६ सालीं एका ड्यूकच्या अंमलाखालीं आले. राज्य लहान, पण सोयरिकी थोर. याच घराण्यांतील लिओपोल्ड १८३१ सालीं बेल्जमचा राजा झाला आणि त्याचा पुतण्या आल्बर्ट १८४० सालीं व्हिक्टोरिया राणीचा पति झाला. आल्बर्टचा वडील भाऊ ड्यूक दुसरा अर्न्स्ट निपुत्रिक होता. तेव्हां गादी आल्बर्टच्या मुलांकडे जाणार हें ठरल्यासारखेंच होतें. त्यांतील थोरला इंग्लंडचा युवराज. त्यानें कोबुर्गवरील हक्क सोडला. म्हणून १८९३ सालीं अर्न्स्ट निवर्तल्यावर दुसरा मुलगा आल्फ्रेड, ब्रिटिश आरमारांतील अ‍ॅडमिरल, ड्यूक झाला. परंतु १८९९ च्या फेब्रुवारींत त्याचा एकुलता एक मुलगा चोविसाव्या वर्षीं मरण पावला आणि वारसाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

आतां हक्क तिसऱ्या भावाचा, म्हणजे ड्यूक ऑफ कॅनॉट आर्थर याचा. १८८६ ते १८९० पर्यंत मुंबई इलाख्याच्या सैन्याचा सेनापति असलेला तो हाच. भावी ड्यूकनें जर्मनींत राहून जर्मन व्हावें, अशी तेथील लोकमताची मागणी होती. आर्थर व त्याचा मुलगा या दोघांनींही हक्क सोडला. चौथा भाऊ लिओपोल्ड १८८४ सालींच वारला होता. त्याच्या मृत्यूनंतर जन्मलेला चार्ल्स एडवर्ड ईटनच्या शाळेंत शिकत होता. थोरांनीं नाकारलेलें राज्य या पितृहीन मुलाच्या पदरीं पडलें.

आई व बहीण यांच्यासह तो जर्मनींत आला. ३० जुलै १९०० रोजीं आल्फ्रेड वारला, तेव्हां नवा ड्यूक अवघा सोळा वर्षांचा होता. १९०५ पर्यंत राज्यकारभार रीजंटनें पाहिला. मुलाचें शिक्षण प्रशियाच्या लष्करी शाळेंत झालें आणि चार्ल्स एडवर्डचा कार्ल एडुआर्ट झाला.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें. इंग्लंडचा राजा पांचवा जॉर्ज हा त्याचा सख्खा चुलतभाऊ. तरी कार्ल एडुआर्ट जर्मनीच्या बाजूस उभा राहिला. १९१७ सालीं इंग्लंडच्या राजघराण्यानें कोबुर्गचें नांव टाकून विंडसर हें नांव घेतलें. १९१८ च्या नोव्हेंबरांत जर्मन क्रांतीनें त्याची गादी नेली आणि १९१९ सालीं ब्रिटिश किताबही गेले. जन्मभूमीला तो शत्रु झाला आणि ज्या देशासाठीं शत्रु झाला, तेथें राजा उरला नाहीं.

पुढील मार्ग मात्र त्यानें स्वतः निवडला. १९३३ सालीं तो नाझी पक्षांत शिरला व १९४५ पर्यंत जर्मन रेडक्रॉसचा अध्यक्ष होता. त्या दोषाचें ओझें बालपणावर टाकतां येत नाहीं. १९५४ सालीं कोबुर्ग येथेंच त्याचा अंत झाला.

गादी गेल्यावर कोबुर्गच्या लोकांना १९१९ सालीं विचारण्यांत आलें कीं, थुरिंगियांत सामील व्हावयाचें काय? त्यांनीं बहुमतानें नकार दिला व १९२० सालीं कोबुर्ग बव्हेरियास जोडलें गेलें. प्रजेला निदान एकदां तरी असें विचारलें गेलें. ईटनच्या त्या मुलाला, राज्य हवें काय, हें विचारण्याची सोय वारसाच्या कायद्यांत नव्हती.