नकाशाआधी शिवार : अध्यक्षीय भाषण



पर्यावरणाच्या अभ्यासासाठी नकाशाप्रणाली आणि सुदूर संवेदन शिकण्याची सोय आता तालुक्याच्या महाविद्यालयापर्यंत येऊन पोहोचली आहे, आणि म्हणूनच या विद्येचे शिक्षण कोठून सुरू व्हावे हा प्रश्न जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील अध्यापकांच्या या परिषदेपुढे ठेवणे अगत्याचे झाले आहे. सुदूर संवेदन म्हणजे एखाद्या वस्तूला स्पर्श न करता, तिच्याकडून येणाऱ्या किरणांच्या नोंदीवरून तिच्याविषयी माहिती मिळवणे; आणि भौगोलिक माहिती प्रणाली, जिला व्यवहारात जीआयएस म्हणतात, ती म्हणजे अशी माहिती अक्षांश-रेखांशांशी बांधून, एकावर एक थर रचून, त्या थरांचा परस्परसंबंध तपासण्याची व्यवस्था. पहिली विद्या पाहते आणि दुसरी जुळवते. परंतु काय पाहायचे आणि कशाशी जुळवायचे, हे त्यांपैकी एकीलाही ठरवता येत नाही. ते शिवाराच्या ओळखीतून ठरते, आणि हेच या भाषणाचे प्रतिपाद्य आहे.

उपग्रहाच्या प्रतिमेत जमीन लहान लहान चौकोनांत विभागलेली असते आणि अशा प्रत्येक चौकोनाला, म्हणजे पिक्सेलला, परावर्तनाचा एकेक आकडा मिळतो. १७ मार्च १९८८ रोजी सोडलेल्या आयआरएस-१ए या नियमित सेवेतील पहिल्या भारतीय सुदूर संवेदन उपग्रहाच्या एका कॅमेऱ्यातील चौकोनाची बाजू ७२.५ मीटर होती; म्हणजे अर्ध्या हेक्टरहून अधिक जमीन एकाच आकड्यात सामावत असे आणि लहान शेतकऱ्याचे सारे शेत त्यात विरघळून जात असे. २०१५ पासून उपलब्ध झालेल्या सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहमालिकेच्या प्रमुख पट्ट्यांत हीच बाजू १० मीटर, म्हणजे चौकोनाचे क्षेत्र १०० चौरस मीटर असते, आणि १०० चौरस मीटर म्हणजे सातबाऱ्यावरचा बरोबर एक आर होय. वर्गातील पहिल्याच तासाला हा मेळ विद्यार्थ्याच्या ध्यानात आणून दिला, तर परक्या वाटणाऱ्या यंत्राची भाषा घरातल्या कागदाशी जोडली जाते, आणि बांधावर पडणारा पिक्सेल निम्मा एका शेताचा व निम्मा दुसऱ्याचा असतो, म्हणजे अचूकतेला सीमा असते, हेही त्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे निकट अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परतवते. या दोन परावर्तनांतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की वनस्पती निर्देशांक मिळतो. सूत्र सोपे आहे, पण त्याचा अर्थ लावणे सोपे नाही. रावेर, यावल आणि चोपडा तालुक्यांत केळीची लागवड एका वेळी होत नाही: पावसाळ्याच्या तोंडी लावलेली ती मृगबाग आणि पावसाळा सरल्यावर लावलेली ती कांदेबाग. जानेवारीच्या प्रतिमेत मृगबागेची पाने दाट छत धरून असतात, तर कांदेबागेच्या कोवळ्या रोपांमधून काळी माती डोकावत असते. त्यामुळे हा भेद ठाऊक नसलेला अभ्यासक एका बागेला केळी म्हणतो आणि दुसरीला पडीक किंवा विरळ पीक ठरवतो. उलट वैशाखात आसपासचे कोरडवाहू शिवार उघडे पडले असता दोन्ही बागा हिरव्या उठून दिसतात. प्रतिमा कोणत्या महिन्याची घ्यावी हे अशा रीतीने पीकपद्धतीवरून ठरते. कापसाच्या बाबतीत तर ऐन खरिपात आकाश ढगाळ असते, तेव्हा ढगांतून आरपार जाणाऱ्या सूक्ष्मलहरींवर चालणाऱ्या रडार प्रतिमांचा आधार घेणे भाग पडते. आणि त्या प्रतिमेला रंग नव्हे, तर पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि ओलावा कळतो.

जंगलाच्या अभ्यासात हीच चूक अधिक महाग पडते. सातपुड्याच्या यावल परिसरातील वन शुष्क पानझडी प्रकारचे आहे. साग आणि सालई उन्हाळ्यापूर्वी पाने टाकतात. एका वर्षीची ऑक्टोबरची प्रतिमा आणि दहा वर्षांनंतरची मार्चची प्रतिमा शेजारी ठेवली, तर न तुटलेले जंगल कागदावर तुटलेले दिसते. दुसरी चूक व्याख्येची आहे. भारतीय वन सर्वेक्षण आपल्या अहवालांत ज्याला वनाच्छादन म्हणते, त्यात एक हेक्टरपेक्षा मोठी आणि दहा टक्क्यांहून अधिक वृक्षछत्र असलेली सर्व जमीन मोडते, मग तिची मालकी कोणाचीही असो आणि तेथे सागवान असो वा आमराई. वनाच्छादन वाढले म्हणजे नैसर्गिक वन वाढले, असे अनुमान म्हणूनच सरळ काढता येत नाही.

या प्रतिमा माणसांच्या हक्कांपर्यंतही पोहोचतात. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा सिद्ध करावा लागतो, आणि त्या तारखेच्या आसपासची उपग्रह प्रतिमा हा साहजिकच पुढे येणारा पुरावा ठरतो. परंतु डोंगरउतारावरील झाडांमध्ये कसलेली लहानशी वावरे भरड प्रतिमेत दिसतीलच असे नाही. म्हणूनच २०१२ साली नियमांत झालेल्या दुरुस्तीने उपग्रह प्रतिमा हा पुरावा इतर पुराव्यांना पूरक असावा, त्यांची जागा घेणारा नसावा, असे स्पष्ट केले. साक्री तालुक्यातील बारीपाड्याचे उदाहरण याच्या दुसऱ्या बाजूचे आहे. तेथील ग्रामस्थांनी राखलेल्या जंगलाची हिरवाई जुन्या-नव्या प्रतिमांच्या तुलनेतून तपासता येईल. पण २०२५ साली पद्मश्रीने गौरवलेले चैत्राम पवार आणि त्यांचे गावकरी यांनी कुऱ्हाडबंदीसारखे जे निर्बंध स्वतःवर घालून घेतले, ते कोणत्याही किरणपट्ट्यात उमटत नाहीत. प्रतिमा परिणाम दाखवते. त्याचे कारण गावात जाऊन विचारावे लागते.

पाण्याचा विषय जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांच्या जिव्हाळ्याचा, आणि तेथे आकाशातील दृष्टीची मर्यादा सर्वांत ठळक होते. ७२४ किलोमीटर लांबीच्या तापीच्या ६५,१४५ चौरस किलोमीटर खोऱ्यापैकी ५१,५०४ चौरस किलोमीटर महाराष्ट्रात आहे. त्यात तापीच्या काठी गाळाची जाड जमीन, सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा पाणी पटकन मुरवणारा बझाडा पट्टा, आणि दक्षिणेला कठीण काळा पाषाण अशी तीन अगदी वेगळी भूगर्भे आहेत. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली झालेले नाल्यांचे रुंदीकरण-खोलीकरण आणि बंधारे ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर चर्चिले गेले. अशा नाल्यातील पाणी उपग्रहाला दिसते, मोजताही येते. मात्र ते पाणी महिनोन्‌महिने टिकले, तर साठा यशस्वी झाला असे म्हणायचे की खालच्या चिकणमातीमुळे पाणी मुरतच नाही असे म्हणायचे, याचा निवाडा विहिरीच्या पातळीवाचून होत नाही. १९७२ साली स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या नियमित नोंदी ठेवते; नाल्याचा थर आणि विहिरींचा थर एकमेकांवर ठेवला तरच पुनर्भरणाविषयी काही बोलता येते.

त्याच नकाशावर आणखी एक थर लागतो. धुळे आणि नंदुरबार परिसरात डाइक नावाच्या शिळांचे मोठे जाळे आहे. भूकवचाच्या भेगांत शिलारस शिरून थिजल्याने तयार झालेल्या या उभ्या दगडी भिंती आहेत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका भूशास्त्रीय अभ्यासात त्यांतील दोनशेहून अधिक डाइकांची पाहणी झाली. प्रतिमेत त्या लांब सरळ रेषांसारख्या दिसतात, आणि न जाणणारा त्यांना रस्ता किंवा बांध समजू शकतो. यांतील काही भिंती भूजलाचा प्रवाह अडवतात, तर भेगाळलेल्या काही भिंती त्याला वाट देतात. एकाच नाल्याच्या दोन बाजूंच्या विहिरींना निरनिराळे पाणी का लागते, याचे उत्तर कधीकधी या रेषेत असते.

पांझरेच्या काठची फड पद्धतही या संदर्भात विसरता येत नाही. बंधाऱ्याच्या पाण्याखालील क्षेत्राचे फड पाडून, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पाटकऱ्याने पाण्याची पाळी सांभाळायची, अशी ती शेकडो वर्षांची सामायिक व्यवस्था. जेथे ती टिकली आहे तेथे प्रतिमेत एकसारख्या रंगाचा मोठा पट्टा दिसेल, आणि फड ठाऊक नसलेला अभ्यासक त्याला एकाच बड्या बागायतदाराचे शेत समजेल. नकाशाला आकार कळतो, पण त्यामागील करार कळत नाही.

साधनांची अडचण आता फारशी उरलेली नाही. १९७२ पासूनचा लँडसॅट संग्रह २००८ साली विनामूल्य खुला झाला, २००२ पासून वाढत आलेली क्यूजीआयएस ही प्रणाली फुकट मिळते, आणि फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशानिर्मितीवरील परवान्यांचा मोठा जाच दूर केला. अडचण अध्यापनाच्या क्रमात आहे. बटणे कोठे आहेत हे आधी आणि प्रश्न काय आहे हे शेवटी, असा क्रम पडल्यामुळे रंगीत नकाशे पुष्कळ निघतात; जुना स्थलदर्शक नकाशा आणि नवी प्रतिमा पृथ्वीच्या निरनिराळ्या गणिती आकारांवर बेतलेली असल्याने त्यांच्यात शेकडो फुटांची तफावत पडू शकते, याकडेही मग दुर्लक्ष होते. वर्गीकरणात केळी म्हणून दाखवलेल्या शंभर जागी प्रत्यक्ष जाऊन किती जागी केळी निघाली, याच्या तक्त्याला अचूकता सारणी म्हणतात. तो तक्ता नसलेला नकाशा हे विधान आहे, पुरावा नव्हे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी साधने गावोगाव हिंडून मिळवली, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून धुळ्यातच उभे आहे. कागदाआधी गाव गाठण्याचा धडा खानदेशाला बाहेरून आणावा लागणार नाही.

तेव्हा परिषदेला एवढेच आवाहन आहे की जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या गावाभोवतीचे एक लहान पाणलोट क्षेत्र, म्हणजे एकाच नाल्याला पाणी देणारा प्रदेश, निवडावे. त्यातील नाल्यांची, टेकड्यांची आणि शिवारांची अहिराणीत रूढ असलेली नावे वृद्धांना विचारून नकाशावर घालावीत. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तेथील विहिरी मोजाव्यात. आणि तयार झालेला नकाशा त्याच्या अचूकता सारणीसह ग्रामसभेत वाचून दाखवावा. त्यातील चूक तेथला शेतकरी दाखवून देईल, आणि ती दुरुस्त केल्यानंतरच तो नकाशा पूर्ण झाला असे समजावे.